मदत हवी आहे: सी मधला वाढता बफर – कधी स्ट्रिंग मध्येच तुटते, कधी हीप ओव्हरफ्लो

शेषबाइट (मूळ प्रश्न)

लिनक्स, ६४-बिट, सी-११. एका डीमनमध्ये (पार्श्वभूमीत चालत राहणाऱ्या प्रोग्राममध्ये) नाव-मूल्याच्या जोड्या एकापुढे एक जोडून लांब स्ट्रिंग तयार होते आणि सॉकेटवर जाते. जोड्या किती येतील ते आधी कळत नाही. म्हणून मॅलॉकने (हीपवर मेमरी देणारं फंक्शन) २५६ बाइटचा बफर घेतला आहे आणि लागेल तसा तो रीअ‍ॅलॉकने वाढवतो. लूपमध्ये एवढंच आहे (वाचायला सोपं जावं म्हणून नावं मराठीत लिहितो):

लांबी += एसएनप्रिंटएफ(बफर + लांबी, क्षमता - लांबी, "%एस=%डी;", नाव, मूल्य);
जर (लांबी + ३२ > क्षमता) { क्षमता += ६४; बफर = रीअ‍ॅलॉक(बफर, क्षमता); }

लांबी आणि क्षमता दोन्ही साइझ-टी (आकारांसाठीचा, उणे नसलेला पूर्णांक) आहेत. नावं बहुधा १०-१२ बाइटची असतात, पण क्वचित मोठी येतात. मोठं नाव आलं की दोनपैकी एक होतं. कधी पलीकडे स्ट्रिंग अर्धवट पोचते आणि पुढे कचरा असतो, तेव्हा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीची हद्द ओलांडली की पकडणारं साधन) काहीच बोलत नाही. कधी तोच सॅनिटायझर व्हीएसएनप्रिंटएफमध्ये (एसएनप्रिंटएफचंच भावंड) हीप ओव्हरफ्लो, म्हणजे बफरबाहेर लिहिणं, दाखवून प्रोग्राम थांबवतो. एसएनप्रिंटएफला तर मर्यादा दिलेली आहे, मग ते बाहेर कसं लिहितं? आणि बफर वाढवायची योग्य रीत कोणती?

ढीगराखण

दोन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे. एसएनप्रिंटएफ किती बाइट लिहिले ते सांगत नाही. जागा पुरली असती तर किती लिहिले असते, ते सांगतं, तेही शेवटचा शून्य बाइट न मोजता. तुम्ही तो आकडा न तपासता लांबीत मिळवता.

तुमचेच आकडे घेऊन पाहा. लांबी २२०, क्षमता २५६. २२० + ३२ = २५२, म्हणजे वाढवायची अट लागली नाही. आता ५० बाइटचं नाव आणि एकअंकी मूल्य आलं, तर तुकडा ५३ बाइटचा. जागा ३६. एसएनप्रिंटएफने ३५ बाइट लिहिले, २५५ व्या स्थानी शून्य ठेवला आणि ५३ परत दिले. लांबी झाली २७३. मग अट लागली, क्षमता ३२० झाली, आणि पुढचा तुकडा २७३ पासून सुरू झाला. २५६ ते २७२ हे १७ बाइट कोणीच लिहिलेले नाहीत, आणि तुम्ही सॉकेटवर लांबीइतके बाइट पाठवता, म्हणजे तेही गेले. त्यांत आधी मोकळ्या केलेल्या मेमरीतलं काहीही असू शकतं, एखादं टोकन किंवा पासवर्डसुद्धा. क्रॅश होत नाही म्हणून हे लक्षण सौम्य समजू नका. हेही घातकच आहे.

आता त्याच ठिकाणी १२० बाइटचं नाव धरा. परत आले १२३, लांबी ३४३, आणि क्षमता वाढून फक्त ३२०. पुढच्या फेरीत क्षमता - लांबी म्हणजे उणे २३. साइझ-टीला उणे माहीत नाही, त्यामुळे एसएनप्रिंटएफला मर्यादा मिळते १८४४६७४४०७३७०९५५१५९३. ते मर्यादेतच राहतं, पण त्या मर्यादेला काही अर्थ उरलेला नसतो, आणि लिहायला सुरुवात होते ती बफर संपल्यावर २३ बाइट पुढे.

शिवाय एन्कोडिंगची चूक झाली तर एसएनप्रिंटएफ ऋण आकडा परत देतं. तोही तुमच्या ओळीत लांबीत मिळवला जाईल आणि लांबी मागे सरकेल. परत आलेला आकडा आधी इंट मध्ये घ्या, शून्यापेक्षा लहान आहे का ते बघा, उरलेल्या जागेपेक्षा लहान आहे का ते बघा, आणि मगच लांबीला हात लावा. उरलेल्या जागेइतका आला तरी तुकडा कापला गेलेला असतो, हे विसरू नका.

मेमरीपाल

निदान बरोबर आहे. पण ती ओळ दुरुस्त करून थांबू नका, कारण "+ ३२ पुरेल" हा अंदाज कोडमध्ये आणखी दहा ठिकाणी असणार. लिहिल्यानंतर जागा करायची, हा क्रमच उलटा आहे. आधी जागा, मग लिहिणं.

एक स्ट्रक्चर करा: डेटा, लांबी, क्षमता आणि एक चूक-खूण. नियम एकच: डेटा नल नसेल तर लांबी क्षमतेपेक्षा नेहमी लहान, आणि डेटा[लांबी] इथे नेहमी शून्य. क्षमता बदलायचा हक्क फक्त एका फंक्शनला द्या, त्याला जागा_कर(ब, जादा) म्हणू; ब म्हणजे त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, जादा म्हणजे आणखी लागणारे बाइट.

त्यातली पहिली तपासणी: जादा < क्षमता - लांबी असेल तर काही करायचं नाही, परत फिरा. इथे बरोबरी चालत नाही, कारण एक बाइट शून्यासाठी लागतो. आणि ही तपासणी वजाबाकीने करा, लांबी + जादा + १ <= क्षमता अशी बेरजेने नको. जादा बाहेरून येतो, त्यामुळे बेरीज गुंडाळून लहान होऊ शकते. वजाबाकी मात्र वरच्या नियमामुळे कधीच उणे जात नाही.

जागा अपुरी असेल तर आधी जादा > कमाल - लांबी - १ आहे का पाहा. असेल तर चूक. कमाल म्हणून पीटीआरडीआयएफएफ-मॅक्स (दोन पॉइंटरमधल्या फरकाची सर्वांत मोठी किंमत) ठेवा. इनपुट नेटवर्कवरून येत असेल तर त्याहून खूप खाली, तुमच्या प्रोटोकॉलला शोभेल अशी, समजा १६ एमबी. मग गरज = लांबी + जादा + १. नवी क्षमता जुनीच्या दुपटीने गरजेपर्यंत न्या. कमालच्या निम्म्यापुढे गेली की दुप्पट न करता थेट गरज घ्या. क्षमता ० असेल तर सुरुवात ६४ ने करा, नाहीतर शून्याची दुप्पट शून्य आणि लूप संपतच नाही.

रीअ‍ॅलॉकचा निकाल वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. तुम्ही बफर = रीअ‍ॅलॉक(बफर, ...) लिहिलं आहे. नल आला तर जुना ब्लॉक जिवंतच असतो, पण त्याचा पत्ता तुम्ही पुसून टाकलेला असतो. म्हणजे मेमरी गळते, आणि पुढच्या फेरीत नल + लांबी या पत्त्यावर लिहिणं होतं. आणि बफर रिकामा करायला रीअ‍ॅलॉकला आकार ० देऊ नका. सी-२३ मध्ये ते अव्याख्यात वर्तन आहे, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. त्यासाठी फ्री आहे.

६४-६४ ने वाढवण्याबद्दल: १ एमबीपर्यंत जायला १६ हजारांवर रीअ‍ॅलॉक लागतात, आणि प्रत्येक वेळी ब्लॉक हलला तर एकूण सुमारे ८.६ अब्ज बाइटची नक्कल होते. ६४ पासून दुपटीने गेलात तर १४ रीअ‍ॅलॉक आणि एकूण नक्कल १ एमबीच्या आत. रेडिसची स्ट्रिंग लायब्ररी १ एमबीपर्यंत दुप्पट जागा घेते आणि पुढे दरवेळी १ एमबी जादा ठेवते, गिटचा स्ट्रबफ साधारण दीडपटीने वाढतो. यांतलं काहीही निवडा, पण ठरावीक पायरी नको.

शेषबाइट

आकडे कागदावर मांडून पाहिले, अगदी तसंच होतंय. जागा_कर लिहिलं. मग फॉरमॅट करून जोडणारं फंक्शन केलं: व्हीएसएनप्रिंटएफला आधी नल आणि ० देऊन लांबी मोजतो, जागा करतो, मग त्याच व्हीए-लिस्टने (संख्या ठरलेली नसलेल्या अर्ग्युमेंटची यादी) खरं लिहितो. ३२-बिट एक्स८६ बिल्डवर चालतं. ६४-बिटवर दुसऱ्या कॉलमध्ये %एस ला क्रॅश. लांबी तर बरोबर मोजली जातेय.

ढीगराखण

व्हीए-लिस्ट एकदाच वाचता येते. ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर ती एका स्ट्रक्चरचा एक घराचा अ‍ॅरे असते, म्हणून फंक्शनला तिचा पत्ता जातो. पहिल्या कॉलने आतले ऑफसेट पुढे नेले, दुसरा कॉल तिथून पुढचे, म्हणजे नसलेलेच अर्ग्युमेंट उचलतो. ३२-बिटवर ती साधा पॉइंटर असते आणि तिची प्रत जाते, म्हणून योगायोगाने चाललं.

पहिल्या कॉलच्या आधी व्हीए-कॉपीने प्रत काढा, मोजायला ती प्रत द्या, लगेच त्या प्रतीवर व्हीए-एंड करा, आणि लिहायला मूळ द्या. दोनदा फॉरमॅट करणं टाळायचं असेल तर पहिला प्रयत्न उरलेल्या जागेतच करा. मावलं नाही तरच जागा करून दुसरा. मात्र पहिला प्रयत्न फसला आणि जागाही मिळाली नाही, तर डेटा[लांबी] इथे परत शून्य ठेवा. नाहीतर कापलेला तुकडा लांबीच्या पुढे लटकत राहतो.

त्या फंक्शनला जीसीसीचा फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट लावा, म्हणजे %डी ला साइझ-टी दिला की कंपायलर ओरडेल. आणि बाहेरून आलेली स्ट्रिंग कधीही फॉरमॅटच्या जागी देऊ नका, "%एस" मधूनच द्या. नुसती जोडायची असेल तर फॉरमॅट लागतच नाही. मेमसीपीवाय आणि लांबी पुरे.

टोकाचापॉइंटर

एक सापळा कोणी सांगितला नाही. बफरमधलाच तुकडा पुन्हा त्याच बफरला जोडायचा असेल, समजा जोड(ब, ब->डेटा + ४, १०), तर जागा_कर मध्ये ब्लॉक हलतो आणि स्रोताचा पॉइंटर मोकळ्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो. हलला नाही तर सगळं ठीक दिसतं, म्हणून चाचणीत हे सहसा सापडत नाही. आतला तुकडा द्यायचा तर ऑफसेट द्या, आणि जागा झाल्यावर त्यातून पॉइंटर काढा. याच कारणासाठी ब->डेटा कुठे साठवून ठेवू नका. पुढचं जोड होईपर्यंतच त्याचा भरवसा.

फॉरमॅटमध्येही तेच. एसएनप्रिंटएफला लिहायची जागा आणि %एस चा स्रोत एकमेकांवर आले तर ते अव्याख्यात वर्तन आहे.

शेषबाइट

व्हीए-कॉपीने क्रॅश गेला. आता नावांना वरची मर्यादा घालतोय, "%.६४एस". नावं यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीही येतात. हे पुरेल का?

मेमरीपाल

नाही. ते ६४ म्हणजे बाइट, अक्षरं नव्हेत. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटचा असतो. "क्ष" म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण ९ बाइट. सलग "क्ष" असतील तर ६३ बाइटांत सात बसतात आणि चौसष्टावा बाइट आठव्याच्या क चा पहिला तुकडा असतो. पलीकडचा यूटीएफ-८ तपासणारा पार्सर अख्खा संदेश नाकारेल.

कापायची जागा स्वतः ठरवा आणि "%.*एस" ने द्या. आधी नावाची लांबी मोजा. ती ६४ च्या आत असेल तर काहीच करायचं नाही. जास्त असेल तर ६४ व्या स्थानावरचा, म्हणजे गाळला जाणारा पहिला बाइट पाहा. तो हेक्स ८० ते हेक्स बीएफ मध्ये असेल तर एक पाऊल मागे या, आणि नसलेला सापडेपर्यंत येत राहा. तुलना अनसाइन्ड कॅर मध्ये करा; एक्स८६ वर साधा कॅर ऋण असतो आणि ती अट कधीच खरी ठरत नाही. एवढ्याने यूटीएफ-८ वैध राहतं. "क्" आणि "ष" यांची ताटातूट मात्र तरीही होऊ शकते. वाचकाला दाखवायचं नाव असेल तर कापण्याऐवजी लांब नाव सरळ नाकारलेलं बरं.

टोकाचापॉइंटर

चाचणीबद्दल. पहिल्या लक्षणाला सॅनिटायझर गप्प का होता? कारण अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हद्द पाहतो, बाइट लिहिलेला आहे की नाही ते पाहत नाही. त्यासाठी व्हॅलग्राइंड किंवा क्लँगचा मेमरी सॅनिटायझर चालवा; सॉकेटवर जाणारे ते १७ बाइट व्हॅलग्राइंड लगेच दाखवेल. अनसाइन्ड वजाबाकी गुंडाळली तरी नेहमीचा अनडिफाइन्ड सॅनिटायझर बोलत नाही, कारण भाषेच्या नियमाने ते वैध आहे. क्लँगमध्ये त्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

चाचणीच्या बिल्डमध्ये सुरुवातीची क्षमता ६४ ऐवजी १ ठेवा आणि ० ते ३०० अशा प्रत्येक लांबीचा तुकडा जोडून पाहा. एकाने चुकलेल्या सगळ्या तपासण्या तिथेच उघड्या पडतात. लिंकरच्या रॅप पर्यायाने रीअ‍ॅलॉक आपल्याकडे वळवा आणि पहिला, दुसरा, तिसरा असा एकेक कॉल मुद्दाम नापास करा. दरवेळी बफरमधला जुना मजकूर शाबूत हवा.

क१७

मेमरी मिळाली नाही तर प्रत्येक जोडीनंतर तपासत बसण्यापेक्षा चूक-खूण वापरा. एकदा लागली की पुढची सगळी जोड फंक्शनं काहीही न करता परत फिरतात, आणि पाठवण्यापूर्वी एकदाच बघायचं. ती बघितल्याशिवाय डेटा हातात देणारं फंक्शनच ठेवू नका, नाहीतर कोणीतरी विसरतं आणि अर्धा संदेश जातो.

आणि हे सगळं स्वतः लिहायचंच नसेल तर पोझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) ओपन-मेमस्ट्रीम पाहा. एफप्रिंटएफने लिहीत जा, एफफ्लश किंवा एफक्लोज नंतरच पॉइंटर आणि आकार वाचा, शेवटी फ्री करा. वरची मर्यादा मात्र त्यात स्वतःच सांभाळावी लागते.

शेषबाइट

क्षमता १ ने सुरू केल्यावर माझ्याच तपासणीत < च्या जागी <= सापडलं. ते सुधारल्यावर ० ते ३०० सगळं पास, व्हॅलग्राइंड शांत. शेवटचं एक: सिग-टर्म (प्रोग्रामला थांबायला सांगणारा सिग्नल) आला की हँडलरमधून याच बफरने शेवटची स्थिती लॉग करतो. चालेल ना?

ढीगराखण

नाही. सिग्नल नेमका मॅलॉकच्या आत असताना आला आणि हँडलरने पुन्हा रीअ‍ॅलॉक बोलावलं, तर लॉकवर कायमचं अडकेल किंवा हीप बिघडेल. एसएनप्रिंटएफही सिग्नल-सुरक्षित यादीत नाही. हँडलरमध्ये फक्त व्होलटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी प्रकारचा झेंडा लावा आणि लॉग मुख्य लूपमधून करा. हँडलरमधूनच लिहायचं असेल तर आधी तयार ठेवलेली पक्की स्ट्रिंग आणि राइट, एवढंच. आणि एरनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपून ठेवून परत लावा.