वचनं तोंडपाठ, पण ऐकत नाही. बारा वर्षांच्या पोराला वळण कसं लावावं?

वावरवाला (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथं पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू, कापूस अन् मधात तुरीच्या ओळी. गावात ख्रिस्ती घरं तीनच. रविवारी उपासनेला अकरा किलोमीटर जावं लागते, एका गाडीवर चौघं. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. मुलगी आठ वर्षांची, तिचं काही म्हणणं नाही, निदान अजून तरी.

पोरगा हुशार आहे. मागच्या उन्हाळ्यात व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या बायबल-वर्गात, बायबलातली चाळीस वचनं अध्याय-ओवीसकट न अडखळता म्हटली अन् स्टीलचा डबा बक्षीस आणला. पण घरी? "बकऱ्या सोड" म्हटलं की "हो" म्हणते, अन् अर्ध्या तासानं पाहावं तर बकऱ्या खुंट्यालाच अन् हा मोबाईलमध्ये. "हो" म्हणायला कधी चुकत नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

नाताळच्या आधी गोष्ट हाताबाहेर गेली. ट्यूशनले जातो म्हणून रोज सायकल काढायचा. एक दिवस सरांचा फोन, पोरगा बारा दिवसांपासून आलाच नाही. शोधत गेलो तर नाल्याच्या पुलाखाली दोन पोट्ट्यांसंगं गळ टाकून बसलेला. मी त्याच्या वयाचा असतो तर बाबांनी तुराटी पाठीवर मोडली असती. मी हात उचलला नाही. वही दिली अन् म्हटलं, इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, पहिली ओवी, शंभर वेळा लिही: "मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा."

रात्री वही आणून दिली. मोजून शंभर, अक्षरही देखणं. अन् शंभराच्या खाली, कोणी न सांगता, चौथी ओवी एकदाच लिहिलेली: "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मला काही हसू आलं नाही.

माझे बाबा तरुणपणी यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवायच्या शाळेत, बागेच्या कामावर होते. १९८३ साली ती पुण्याला गेली, त्याच्या आधीची गोष्ट. शिक्षण चौथी, पण तिथल्या विद्यार्थ्यांचं ऐकून ऐकून अर्धं शास्त्र डोक्यात. सांजच्याला कंदील मधात ठेवून घरची प्रार्थना व्हायची. आम्ही डोळे मिटले का नाही, हे ते स्वतःचे डोळे उघडे ठेवून पाहायचे. आम्ही ऐकायचो, पण भीतीनं. ते गेले तेव्हा माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, अन् त्यांच्याजवळ बसून दोन सुखदुःखाच्या गोष्टी केल्याचं मला आठवत नाही. माझ्या पोराचं तसं होऊ नये. पण त्यानं ऐकलंही पाहिजे ना?

तर विचारायचं ते हे. विश्वासात वाढवायचं म्हणजे रोजच्या रोज करायचं काय? वचनं पाठ आहेत, जेवणाआधी प्रार्थना म्हणते, नाताळची कॅरल गाणाऱ्या गटात ढोलकी वाजवते. मग हे खोटं कुठून आलं?

संडे स्कूलवाली ताई (अमरावती जिल्हा)

दादा, वहीचं वाचून मीही हसले. तुमच्या पोराला संदर्भ कळतो, मोठ्यांनाही एवढा कळत नाही. आपण पहिली ओवी मुलांना वाचून दाखवतो आणि चौथ्या ओवीपाशी पान उलटतो.

सतरा वर्षं संडे स्कूल घेते, त्यात केलेली एक चूक सांगते. एका मुलाला वर्गात दंगा केला म्हणून स्तोत्र २३ दहा वेळा लिहायला लावलं होतं. आज तो काळीपिवळी चालवतो. मंडळीत ते स्तोत्र सुरू झालं की बाहेर जाऊन चपला नीट लावत बसतो. मला दिसतं ते. तेव्हापासून ठरवलं, शिक्षा द्यायची तर भांडी घासायची द्या, अंगण झाडायचं द्या, वचनाची देऊ नका.

तुमच्या "हो"वरून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय आठवला. बाप दोघा मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक "जात नाही" म्हणतो, मग पस्तावतो आणि जातो. दुसरा "जातो" म्हणतो आणि जात नाही. मी वर्गात हे नाटक करून घेते, द्राक्षमळ्याऐवजी संत्र्याची बाग. सगळ्यांना पहिला मुलगा व्हायचं असतं, कारण त्याला बापाला उलट बोलायला मिळतं! तुमचा पोरगा दुसरा आहे. तो दुसरा का झाला, ते पाहा. ज्या घरात "नाही" म्हणणं महाग पडतं, तिथं मुलं फुकटचं "हो" देतात. हे मी तुमच्या घराबद्दल म्हणत नाही, माझ्या माहेराबद्दल म्हणते.

आणि बारा वर्षांचं म्हणाल, तर लूक २ काढा. येशूही बाराच वर्षांचा होता. यरुशलेमेत मागे राहिला, मायबाप तीन दिवस शोधत फिरले. सापडल्यावर मरीयेनं आधी विचारलं, तू आमच्याशी असा का वागलास? मग त्याचं उत्तर ऐकलं. ते त्यांना समजलं नाही, असंही तिथं स्पष्ट लिहिलंय. आणि त्यानंतर तो नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. क्रम बघा. तुम्ही पोराला पुलाखालून आणलंत, वही दिलीत. तो ट्यूशनला का जात नाही, हे विचारलंत का?

सरळ बोलतो

एवढं काही नसते. छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, हे बायबलातल्या नीतिसूत्रांत स्पष्ट आहे. आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो. आजकाल पोरांना विचारत बसायचं, त्यांची मर्जी सांभाळायची, मग ते डोक्यावर बसणार नाही तर काय? मोबाईल काढून घ्या, दोन ठेवून द्या, आठ दिवसांत सुतासारखा सरळ होते.

संडे स्कूलवाली ताई

सरळ बोलतो भाऊ, शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानंच बंदी आली. घरचं तुम्ही जाणा. पण काठीबद्दल शास्त्रात आणखी एक वाक्य आहे: "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." आमच्या वावरात उन्हाळ्यात मेंढरं बसवायला येतात. तीन-चारशे मेंढरं आणि दोन माणसं. काठी दिवसभर त्यांच्या हातात असते. मेंढरू बांधाकडे वळलं की ती फक्त आडवी होते. मारताना मी अजून पाहिलं नाही. मार खाल्लेलं मेंढरू हाकेला येत नाही, असं तो मेंढपाळच म्हणाला होता.

आजी ७४ (मी बोलून राहिली, नात टाइप करून राहिली)

बाप्पा, तुमचं सगळ्याचं वाचून घेतलं नातीकडून. मी दवाखान्यात नर्स होती, चौतीस वर्षं. चार पोरं वाढवली, दोन चांगली निघाली, दोन बरी.

तुम्ही इचारता खोटं कुठून आलं. माह्या मोठ्या पोरीची गोष्ट सांगतो. दुसरीत होती. एक दिवस दप्तरातून शाळेचे सात-आठ खडू निघाले. म्या म्हटलं, कोणाले इचारून आणले? तर मले म्हणते, "तू नाही आणत का?" मी दवाखान्यातून येताना पट्टीचं कापड आणो, घरात लागते म्हणून. कोणी काही म्हणत नव्हतं, सगळ्याच आणत. पण पोरीनं पाहून ठेवलं होतं ना. रात्रभर झोप नाही. सकाळी पोरीचा हात धरला, कापडाचा गठ्ठा घेतला अन् मेट्रन बाईपुढं जाऊन उभी राहिली. बाईनं रागावलं बी नाही, नुसतं कपाट उघडून दिलं. घरी येता येता पोरगी म्हणते, आता मी खडू देऊन येतो. तिले मी सांगतलं नव्हतं.

जुन्या करारातल्या एली याजकाचं तुम्हाले माहीत असनच. त्याचे पोरं बी याजकच, त्यायचा चाकर तीन दातांचा काटा हंडीत घालून अर्पणाचं मांस ओढे, देवाच्या आधी आपलं. बाप नुसता बोलला, आवरलं नाही त्यानं. पण मले वाटते, त्या घरात पोरांनी आधी काय पाहिलं, ते शास्त्रात लिहिलं नाही. अन् त्याच घरात शमुवेल वाढला, पुढं संदेष्टा झाला तो. देवानं हाक मारली तर तीनदा उठून म्हाताऱ्याकडेच पळाला, आपल्याले बोलावलं म्हणून. अशी धाव पाहिजे.

आपल्या मराठीत ऐकणं म्हणजे कानानं ऐकणं बी अन् कह्यात राहणं बी. पाळकसाहेब सांगत की जुन्या कराराच्या इब्री भाषेत बी एकच शब्द आहे दोन्हीले. तर बापू, आधी तुम्ही ऐका. अन् पोरानं तुमचं काय पाहिलं, ते आठवा. इथं सांगू नका, मनातल्या मनात आठवा.

प्रार्थना लांब करू नका. पोरं लांब प्रार्थनेत मोबाईलचाच इचार करतात.

वावरवाला

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, माफी असावी. वेचणी सुरू होती.

आजी, तुम्ही मनात आठवा म्हटलं होतं. आठवायला वेळ लागला नाही, मी तुमचं वाचता वाचताच थांबलो होतो. इथंच लिहून टाकतो.

दिवाळीत पहिला वेचा विकायचा होता. पोराले बूट पाहिजे होते, किराण्याची उधारी होती. रात्री फवारणीच्या पंपात साधं पाणी भरलं अन् घरातल्या कापसाच्या ढिगावर मारलं. वजन वाढते. गावात बरेच जण करतात, पण ते काही उत्तर नव्हे. पोरगा टॉर्च धरून उभा होता. म्या म्हटलं, हे बाहेर बोलायचं नाही. तो म्हणाला, "हो." व्यापाऱ्यानं नेला, बूट आले. तेच बूट घालून तो रविवारी उपासनेला येते. अन् खोट्या तराजूबद्दलचं नीतिसूत्रांतलं वचन त्याच्या त्या चाळिसांत आहे. मीच पाठ करून घेतलं होतं.

ताई, ट्यूशनचंही विचारलं. म्हणजे लगेच नाही विचारता आलं. दोन दिवस गेले. मग तूर कापताना बाजूबाजूच्या ओळीत होतो, तोंडं एकमेकांकडे नव्हती, तेव्हा विचारलं. बराच वेळ नुसता विळ्याचा आवाज. मग म्हणे, तिथं पोट्टे "ए हालेलुया" म्हणून हाक मारतात, अन् सरही एकदा हसले. घरी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही म्हणाल, ख्रिस्तासाठी सहन कर. अन् मी खरंच तेच म्हटलं असतं.

ट्यूशन बंद केली. गणित आता बायको घेते, ती बारावी आहे, माझ्याहून पुढं. मोबाईल रात्री आठनंतर देवळीत, माझासुद्धा. हा नियम पोरीनं लावला. प्रार्थना पाच मिनिटं. त्यात एक दिवस पाण्याचं मी सगळ्यांपुढं बोललो. पोरानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पाहून राहिलो होतो म्हणून मला दिसलं. बाबांची सवय, जात नाही.

बकऱ्या? काल म्हणाला, "आज नाही सोडत, पोट दुखते." पोट दुखत नव्हतं. पण "नाही" म्हणाला, अन् पाच वाजता सोडल्या. मत्तयमधला पहिला मुलगा झाला का पोटदुखीवाला तिसरा, ते ताईंनी सांगावं.

परवा तिसरा वेचा विकला. आदल्या रात्री पोरगा पंपापाशी जाऊन उभा राहिला, काही बोलला नाही. म्या म्हटलं, पंप गोठ्यात ठेवून दे. सकाळी बंडीत कापूस भरून दोघं गेलो. काटा झाला, तीन क्विंटल बारा किलो. व्यापाऱ्यानं गंजीत हात घातला अन् क्विंटलमागं दोन किलो कापले. चिठ्ठीवर लिहिलं, "ओल."

पोरगा त्याच्या तोंडावर म्हणाला, "बाबा, ओल तर नव्हती."

मी म्हटलं, "नव्हती." व्यापारी ऐकून राहिला होता. त्यानं काही वाढवून दिलं नाही.

येताना बैलांचा कासरा त्याच्याच हातात होता. ती चिठ्ठी त्यानं बक्षिसाच्या डब्यात ठेवली आहे. कशाला, ते विचारायचं बाकी आहे.