अंगणवाडीवालीचा दिवस आणि सीरियल

कुणीतरी म्हटलंय की अंगणवाडीवालीचं काय, दुपारपर्यंत मुलं सांभाळायची नि संध्याकाळी आरामात सीरियल बघायची. सीरियल बघतो ते खरंय की, पण आराम कुठला! माझी अंगणवाडी बेळगावात शहापूरकडं, मुलं तीन ते सहा वर्षांची, निम्मी घरात मराठी बोलणारी, आणि रजिस्टर सगळं कन्नडात. सकाळी आल्याआल्या क्षीरभाग्याचं दूध (मुलांना दूध द्यायची कर्नाटक सरकारची 2013 पासूनची योजना, पावडर कालवून करायचं, गुठळी राहिली की पोरं तोंडच लावत नाहीत), मग वजनं, ती पोषण ट्रॅकर ॲपवर चढवायची, नेट गेलं की मोबाईल घेऊन दारात उभं. येताना गणपत गल्लीतनं भाजी, सासूबाईंच्या गोळ्या, रेशन, तिथंच पाच वाजतात बघा.

आणि टीव्हीचं म्हणाल तर सासूबाईंची मराठी मालिका संपली की मी मुद्दाम कन्नड सीरियल लावते. आमचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, मीटिंगमधलं निम्मं डोक्यावरनं जायचं, आता सासू-सुनेची भांडणं ऐकून ऐकून 'बेगा बा' (लवकर ये), 'याके' (का) असलं तोंडात बसलंय. फॉर्म भरताना मात्र ती भांडणाची कन्नड काही उपयोगाची नाही, तिथं अजून शेजारच्या अक्कांनाच विचारते.