वॅगन-आर २०११, १ लाख ८६ हजार कि.मी.: ४० हजारांत आधी कोणती कामं करावीत?

सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. गाडी वॅगन-आर, के-टेन-बी पेट्रोल इंजिन, सीएनजी नाही. सप्टेंबर २०११ चं पुणे पासिंग, सेकंडहँड घेतलेली. क्लच १ लाख ४० हजारांवर बदलल्याचं बिल आहे, बाकी जुनी नोंद काही नाही. वर्षाला दहा हजार कि.मी. चालते; त्यात महिन्यातून एकदा ताम्हिणी घाट उतरून कोकण.

सध्याच्या तक्रारी:

१. सिग्नलला उभी असताना थरथरते, एसी लावला की जास्त.
२. हजार कि.मी.मागे साधारण पाव लिटर ऑइल कमी होतं. खाली डाग पडत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर निळसर धूर येतो.
३. ट्रॅफिकमध्ये एसी कोमट, हायवेला गार.
४. खड्ड्यात पुढून डावीकडे टक-टक.

एका गॅरेजने इंजिन खोलायला सांगितलं, दुसऱ्याने एसी गॅस आणि दोन्ही शॉकअप. हातात एकूण ४० हजार आहेत आणि सप्टेंबर २०२६ ला रि-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) आहे. क्रम कसा लावू?

दहा_बारा_पाना

इंजिन खोलू नका, गॅसही भरू नका. तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करा, कारण इंजिनाला सगळ्यात मोठा धोका तिथेच दडलेला असू शकतो.

उभ्या गाडीत कोमट आणि पळत्या गाडीत गार, याचा अर्थ बहुतेक वेळा कंडेन्सरवर, म्हणजे एसीचा गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीवर, पुरेसा वारा पोचत नाही. तोच वारा कंडेन्सरमागच्या रेडिएटरलाही लागतो. म्हणजे आज एसी कोमट आहे, उद्या मे महिन्यात चांदणी चौकात इंजिन तापेल. आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) एकदा वाकलं की तुमचं बजेट तिथेच संपलं.

बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून एसी लावा. पुढचा पंखा लगेच फिरला पाहिजे. नाही फिरला तर गाडी बंद करून त्याचा कनेक्टर काढा आणि बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट द्या. थेट दिल्यावर जोरात फिरला तर दोष फ्यूज, रिले किंवा कनेक्टरचा. फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघा, खर्च शून्य. थेट देऊनही अडखळत फिरला, हाताने ढकलल्यावरच निघाला, तर मोटरचे कार्बन ब्रश संपलेत.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट टॉर्च मारून बघा. तिथे माती, पाकोळ्या, पिशव्यांचे तुकडे यांचा थर बसतो. साध्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी मारून काढा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. एवढं करूनही गार झालं नाही तरच गॅसचं प्रेशर बघायला लावा. आणि प्रेशर कमी निघालं तर आधी गळती शोधा; गॅस आपोआप संपत नाही.

मग कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. गंजकट तांबूस असेल तर आधीच्या कुणीतरी नळाचं पाणी घातलंय. पूर्ण काढून साध्या पाण्याने दोनदा फ्लश करा, मग कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हवा निघेपर्यंत हीटर पूर्ण गरमवर ठेवा. रेडिएटरचं झाकण नवीन घ्या, त्यावर छापलेलं प्रेशर जुन्याइतकंच हवं. झाकण सैल असेल तर पाणी कमी तापमानालाच उकळतं. होजपाइप गार असताना दाबून बघा: करकरला, फुगलेला किंवा टोकाशी चिरलेला असेल तर बदला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढलाच आहे तर पातेल्यातल्या पाण्यात तापवा. त्याच्या कडेवर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन गार राहिलं की पेट्रोल जास्त जळतं आणि ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल साचतं.

गॅरेज_गल्ली

वरच्याशी सहमत. पहिली आणि दुसरी तक्रार एकत्र बघा, मूळ एकच असू शकतं.

या इंजिनात तिन्ही स्पार्क प्लग वर, व्हॉल्व्ह कव्हरमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) खोल विहिरींत असतात. कव्हरचं गॅस्केट आणि विहिरींच्या कडेची रबरी सील दीड लाखानंतर कडक होतात आणि ऑइल आत झिरपतं. खाली डाग पडत नाही, कारण ते विहिरीतच साठतं. कॉइलचं (प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग) रबर त्यात भिजलं की ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते आणि एक सिलिंडर अधूनमधून मिस होतो, म्हणजे त्यात पेट्रोल पेटतच नाही. तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला की थरथर लगेच जाणवते.

कॉइल काढून टोक बघा. ओलं असेल तर प्लग खोलण्याआधी विहीर कापडाने कोरडी करा, नाहीतर सगळं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. गॅस्केट सेट आणि तीन प्लग एकदमच बदला. कॉइल मात्र तिन्ही घेऊ नका. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा. पी०३०२ हा कोड आला तर दोन नंबर मिस आहे. त्याची कॉइल एक नंबरवर टाका. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ इनटेकला सोडणारा) काढून हलवा. आतली गोळी खडखडली पाहिजे. तो चिकटला की क्रँककेसमधलं प्रेशर ऑइलला वर ढकलतं आणि ते इनटेकमधून जळतं. काहीशे रुपयांचा भाग आहे, आणि इंजिन खोलायचा सल्ला देणारे तो क्वचितच बघतात.

मिस नसेल आणि तरी थरथर असेल, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) क्लीनर आणि कापडाने साफ करा, मग इंजिन माउंटिंग बघा. हँडब्रेक ओढून, पुढे कुणी उभं नसताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा. इंजिन उसळलं तर त्या बाजूचं रबर फाटलंय.

ऑइल ५डब्ल्यू-३० किंवा आपल्या हवेत ५डब्ल्यू-४०, साधारण तीन लिटर, पण शेवटचं अर्धं लिटर ऑइल मोजायची पट्टी बघत भरा. धूर थांबावा म्हणून २०डब्ल्यू-५० टाकू नका. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो; जाड ऑइल थंड स्टार्टला उशिरा पोचतं आणि चेन खळखळते.

इंजिनाचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्यावर, लावा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर मारून पाच-सहा फेरे. आकडे इथे टाका.

वरंधा

टक-टक बारीक खड्ड्यांवर येते का? मग आधी स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक आणि बुश (रबरी जोड). शॉकअप गेले असतील तर मोठ्या खड्ड्यात धप्प आवाज येतो, गाडी डुलत राहते आणि रॉडवर ऑइल ओघळलेलं दिसतं. यातलं काही नसेल तर शॉकअपचे पैसे वाचवा. जागेवर स्टिअरिंग फिरवताना कट-कट आली तर वरच्या माउंटचं बेअरिंग. पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट.

लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) बुश बदलले तर मुख्य बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा. जॅकवर लोंबकळत्या चाकात आवळला की खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. नवा भागच खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात, चूक आवळण्यात असते. नंतर अलाइनमेंट करा.

घाटात जाता म्हणून ब्रेक टाळू नका. ब्रेक ऑइल कधी बदललं माहीत नसेल तर आत्ताच बदला, पुढे दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं, मग उतारावर तापून वाफ होते आणि पेडल खाली बसतं. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची (आत ब्रेक दाबणारा भाग) रबरी टोपी उचलून बघा. आत ओल दिसली तर दोन्ही बाजूंचे बदला. पुढच्या कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी तो टायर आता पावसाळी घाटासाठी नाही.

स्पेअर नाना पेठेत मिळतील. लिंक, बुश, ब्रेक यांत नाव नसलेला माल नको. दाराचे पत्रे, आरसे, दिव्यांचे कप मात्र जुन्या बाजारातून खुशाल घ्या.

आरटीओ_फेरी

रि-पासिंगबद्दल थोडक्यात. फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो. कारची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५,००० आहे, शिवाय ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर). उशीर झाला तर महिन्याला ५०० वाढतात. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा राहिलाय का ते आजच बघा. बँकेचं पत्र मिळवण्यात आठवडे जातात. एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट) पाट्या लागतीलच.

पुण्यात एप्रिल २०१० पासून बीएस-४ हा प्रदूषणाचा नियम लागू होता, म्हणून तुमच्या गाडीला पीयूसीत (धुराच्या तपासणीत) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. मिस होणारं इंजिन त्यात अडकतं. प्लग-कॉइलचं काम आधी, पीयूसी नंतर.

सिंहगडरोड

पंख्याचा कनेक्टर वितळलेला निघाला. दोन नंबरची विहीर ऑइलने भरलेली होती, गॅस्केट सेट आणि प्लग बदलले, थरथर जवळपास गेली. पीसीव्ही चिकटलेला होता, नवीन टाकला. कॉम्प्रेशन १७८, १७२, १७६ पीएसआय. सकाळचा धूर अजून आहे. व्हॉल्व्ह सील करून घेऊ का?

गॅरेज_गल्ली

आकडे चांगले आहेत आणि मुख्य म्हणजे सारखे आहेत. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर एखादा आकडा बराच खाली दिसला असता आणि धूर चढावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आला असता. रात्रभर उभ्या गाडीचा पहिल्या स्टार्टचा धूर व्हॉल्व्ह स्टेम सीलचा (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारी रबरी टोपी).

सध्या करू नका. हजाराला पाव लिटर म्हणजे तुमच्या चालवण्यात वर्षाला अडीच लिटर टॉप-अप, तेही विहीर आणि पीसीव्हीचं काम झाल्यावर कमी होईल. सीलच्या कामाची मजुरी त्याच्या कितीतरी पट आहे. ऑइल दर ७,५०० ला बदला, पट्टी दर रविवारी गार इंजिनावर बघा, खप लिहून ठेवा. हजाराला अर्ध्या लिटरवर गेला तर मात्र करा, कारण जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) बुजवतं आणि तो सीलपेक्षा महाग आहे.

पंख्याचा कनेक्टर वितळला म्हणजे मोटर जास्त करंट ओढत असू शकते. नुसती वायर जोडून सोडू नका. क्लॅम्प मीटर लावून मोटरचा करंट बघून घ्या, आणि फ्यूज आहे त्याहून मोठा घालू देऊ नका.

वरंधा

आणि वायर जोडताना नुसती पिळून टेप नको. क्रिम्प करून हीट-श्रिंक नळी चढवा; जुन्या वायरच्या जाडीचीच वायर घ्या. पावसाळ्यात पहिलं पाणी तिथेच शिरतं.