सहाव्या शतकातला तामड्याचा ब्रोच लंडनच्या लिलावात: बोली लावू का?

कसोटी (फोंडा)

नमस्कार मंडळी. फोंड्यात ३६ वर्षं सोनारकाम केलं. डोळ्यांनी दगा दिला तेव्हापासून दुकान मुलगा बघतो आणि मी मोबाइलवर लिलावांच्या याद्या बघत बसतो.

नाद लागला तो भाच्यामुळे. २०१९ मध्ये त्याच्याकडे इंग्लंडला गेलो होतो, त्यानं ब्रिटिश म्युझियममध्ये नेलं. तिथं इंग्लंडातल्याच सटन हू इथल्या नौका-दफनातून (माणसाला नौकेसकट पुरलेलं) १९३९ साली निघालेलं सोनं आहे. त्यातले खांद्यावर लावायचे दोन जोड बघून मी जो थांबलो तो पाऊण तास. भाचा मधे कॉफी पिऊन आला. सोन्याच्या पट्ट्या उभ्या करून घरं पाडलीत, प्रत्येक घरात तामड्याची (गार्नेटची) चकती, आणि ती घराच्या आकाराची, पायऱ्यापायऱ्यांची कापलेली. गोल नव्हे, चौकोनी नव्हे, पायऱ्यांची! खाली डांक आहे. आपण कुंदनात खड्याखाली चकचकीत पत्रा ठेवतो तोच प्रकार, पण यांनी त्यावर बारीक चौकटी उठवल्यात. वरून आलेला उजेड त्या चौकटींवर आपटून परत येतो आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी, विजेचा दिवा नाही, चष्मा नाही.

आता तिथल्या एका लिलावात छोटा गोल ब्रोच आलाय. व्यास अडीच सेंटिमीटर. चांदी, वर सोन्याचा मुलामा. आठ घरं, सात तामडे, एक घर रिकामं. फ्रँकिश (म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या फ्रँक लोकांचा), सहावं शतक असं लिहिलंय. अंदाज ८०० ते १२०० पौंड. आधीच्या मालकीबद्दल एकच ओळ: युरोपातला जुना खासगी संग्रह, १९८० चं दशक.

एवढी ओळ पुरते का? एकूण किती पैसे जातील? आणि वस्तू गोव्यात आणता येते का? चिमटीत धरून बघितल्याशिवाय मी आयुष्यात साधी बांगडी घेतलेली नाही, म्हणून विचारतोय. घरात अजून सांगितलेलं नाही.

मडगांवकार

शेट, आधी पैशाचं. हातोडा १००० वर पडला म्हणजे १००० दिले असं नाही. वर लिलावघराचं बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन. समजा ३० टक्के, म्हणजे ३००. त्या ३०० वर तिथला २० टक्के व्हॅट, म्हणजे ६०. झाले १३६०. मग कुरियर, विमा, आणि इथं कस्टम्स. आकडा आधी कागदावर मांडा आणि उलटा हिशेब करून बोलीची मर्यादा ठरवा. लिलाव चालू झाल्यावर मोबाइलच्या पडद्यावर तो लाल आकडा बदलायला लागला की माणसाचं डोकं चालत नाही, मी स्वतः अनुभवलंय.

आता माझी फजिती ऐका. मला वेड लिमोजच्या मीनाकामाचं. बाराव्या-तेराव्या शतकात फ्रान्समधल्या लिमोज गावात तांब्याचा पत्रा खोदून त्यात मीना भरायचे, जयपूरवाले सोन्यावर करतात तसंच खोदकाम. पेट्या, क्रूस, पोथ्यांची पुठ्ठं, सगळं त्यात घडवायचे. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या खुनाचं चित्र असलेली जी पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे, ती त्यांनी १९९६ मध्ये मिळवली. मला त्यातली एखादी सुटी पाटी तरी हवी होती. मिळाली. संताची, निळी, सुंदर. यादीत लिहिलं होतं 'लिमोज शैलीतील'. मी 'लिमोज' वाचलं, 'शैलीतील' वाचलंच नाही.

हातात आल्यावर खिळ्यांची भोकं बघितली. लाकडी पेटीवर सातशे वर्षं ठोकलेल्या पाटीची भोकं झिजतात, कडा दबतात. माझ्या पाटीची भोकं काल ड्रिल मारल्यासारखी. पॅरिसच्या सॅमसनसारखे कारखाने एकोणिसाव्या शतकात असल्या नकला राजरोस करत होते. लिलावघराचा काही दोष नाही, त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. पाटी आता टीव्हीखाली आहे. पाहुण्यांना आवडते.

उंडीर_उजवाडी

या पैशात बांदोड्याला वाडीत माड लावा शेट. नारळ तरी पडतील.

स्विंडनहून

मी मूळ केपेचा, १४ वर्षं इथं इंग्लंडात. नोकरी गोदामात, शनिवारी लिलावघरं.

पहिलं, मागच्या बाजूचा फोटो मागा. फुकट पाठवतात. पुढची बाजू नकलाकारसुद्धा छान करतो, मागची करताना कंटाळतो. या ब्रोचची टाचणी बहुधा लोखंडी असायची, ती गंजून गेलेली असते. खऱ्या वस्तूच्या पाठीला त्या गंजाची गाठ राहते, आणि नशीब असेल तर गंजात कापडाची वीण उमटलेली दिसते. थडग्यातल्या प्रेताच्या अंगावरचं कापड कुजलं, पण त्याचा ठसा लोखंडाच्या गंजात टिकला. मी एकदा दहापट भिंगातून असा ठसा बघितला. ताणा-बाणा मोजता येत होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

दुसरं, मुलामा. जुना मुलामा पाऱ्याचा. विजेचा मुलामा १८४० नंतरचा. एक्सरे तपासणीत पारा सापडला नाही तर प्रश्न विचारा.

तिसरं, 'आर्ट लॉस रजिस्टरमध्ये तपासलं' या वाक्यावर विसंबू नका. तिथं चोरीची नोंद झालेल्या वस्तू असतात. रात्री शेतात डिटेक्टर फिरवून थडग्यातून काढलेला डाग कुठल्याच नोंदीत नसतो, मग तो चोरीचा म्हणून सापडणार कसा? इंग्लंडच्या जमिनीत ३०० वर्षांहून जुनं सोन्याचांदीचं काही सापडलं तर ट्रेझर ॲक्टप्रमाणे कोरोनर या सरकारी चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तो कायदा १९९६ चा, लागू झाला १९९७ ला. इथल्या मातीतून निघालेली वस्तू बाहेर पाठवायला निर्यात परवानाही लागतो. फ्रँकिश ब्रोच इथल्या केंट परगण्यातसुद्धा सापडतात. म्हणून सरळ विचारा: सापडला कुठे?

तिसवाडी

मी कॉलेजात इतिहास शिकवते. शेटबाब, तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगते. पाचव्या-सहाव्या शतकातल्या फ्रँकिश दागिन्यांतले तामडे प्रयोगशाळेत तपासले गेलेत, आणि त्यातले पुष्कळ भारतातले निघाले, राजस्थानकडचे. तांबड्या समुद्रावरून तिकडे जायचे. पुढे सातव्या शतकात ही आवक आटली आणि बोहेमियातले (आजच्या चेकियातले) बारीक दगड वापरात आले. म्हणजे तुम्ही ज्यावर बोली लावताय तो दगड कदाचित आपल्याच किनाऱ्यांवरून गेलेला.

आता कायदा. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. त्याच्या व्याख्येत वस्तू कुठे घडली हे बघत नाहीत, वय बघतात: १०० वर्षं. वस्तू आणता येईल, पण उद्या मन बदललं आणि लंडनला परत विकायला पाठवू म्हणालात तर तो रस्ता बंद. तेव्हा कायम ठेवायची असेल तरच आणा. आणि हस्तिदंताच्या गॉथिक मूर्ती यादीत दिसतील, कितीही मोहक असल्या तरी त्या पानावर थांबू नका. आपल्याकडे त्याचा व्यापार पूर्ण बंद आहे. हस्तिदंतच बघायचं तर जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिकीट काढून बघा.

'फार चांगला दिसतोय म्हणजे खोटा' असंही समजू नका. ब्रिटिश म्युझियममधला नवव्या शतकातला फुलर ब्रोच, चांदीत कोरून भरलेलं काळं निएलो (गंधकाचं धातुमिश्रण), पाच इंद्रियांची चित्रं. इतका धड की तो नकली मानला गेला आणि कॅप्टन फुलरनी तो नुसत्या चांदीच्या भावात घेतला. १९५२ मध्ये म्युझियमकडे आला. खरा होता.

कसोटी (फोंडा)

सगळ्यांना देव बरें करूं. उंडीरबाब, माड आहेत, नारळ काढणारा पाडेली मिळत नाही.

मागचा फोटो आला. मुलाच्या मोठ्या स्क्रीनवर लावून बघितला. टाचणी नाही, तिच्या जागी तपकिरी गाठ. वीण दिसते की मला दिसावीशी वाटते ते सांगता येत नाही. पुढच्या बाजूच्या फोटोत रिकाम्या घराच्या तळाशी डांकाचा तुकडा राहिलाय, चौकटी उठवलेला, एका कोपऱ्यात दुमडलेला. दगड पडला तेव्हा वर उचलला गेला असणार. असा दुमडा मुद्दाम करून दाखवणारा कारागीर मला भेटला तर मी त्याला नोकरी देईन. सात तामड्यांपैकी एकात मात्र गोल बुडबुडे आहेत. ती काच. कधीतरी कोणीतरी डागडुजी केलेली. सोनारकी आहे, चालायचंच.

थोडक्यात, माझ्या मते वस्तू खरी.

मग मेल केली, सापडला कुठे? उत्तर: माहीत नाही. १९८० च्या दशकाचा कागद कोणता? उत्तर: विकणाऱ्यानं तसं कळवलंय. बस.

आमच्या वडिलांचा एक नियम होता. अनोळखी माणूस मोडीत डाग घेऊन आला की आधी विचारायचे, कोणाचा? बायकोचा, आईचा, काय ते सांग. नीट उत्तर आलं नाही तर डाग मुशीत जायचा नाही, भाव कितीही पडून मागितला तरी. एकदा असाच एक गोफ परत केला, मी १५ वर्षांचा होतो, मला राग आला होता. आठवड्यानं पोलीस बाजारातल्या तीन दुकानांत आले, आमच्याकडे नाही. इथं तर मला पक्कं माहीत आहे की हा डाग कोणाच्या तरी छातीवरून काढलाय. कोणी, कुठे, कधी, ते सांगायला कोणी तयार नाही.

बोली लावली नाही. हातोडा ९५० वर पडला. माझी मर्यादा ११०० होती. ते बघायला नको होतं, पण बघितलं.

आता दुसरंच खूळ डोक्यात घेतलंय. रिकाम्या घरासकट तोच ब्रोच स्वतः करून बघतोय, मुलाचे डोळे आणि माझा हात. डांकाच्या चौकटी उठवायला पितळेचा ठसा कोरला, तो बरा उतरला. अडलंय तामड्यावर. मिलिमीटरभर जाडीची चकती हवी. हा दगड पापुद्र्यात सुटत नाही, आडवातिडवा उडतो. चार दगड फोडून झाले. जयपूरला किंवा खंबातला तामड्याच्या सपाट चकत्या कापून देणारं कोणी माहीत आहे का? घुमटी किंवा पैलूचे नकोत, ते ढीगभर पडलेत.