टेस्टिंगच्या टायमिंगवरून रेस पेस कसा काढायचा?

शिवाजीपेठ_सेक्टर३:
फॉर्म्युला वनच्या सीझनआधीच्या बहरीन टेस्टिंगचे लॅप टाइम एक्सेलमध्ये घेतलेत. यादीत वर कोण, याला अर्थ नाही हे माहीत आहे. २०२५ ला सगळ्यात फास्ट लॅप साइन्झच्या विल्यम्सचा, १:२९.३४८, मेलबर्नची पहिली रेस जिंकला नॉरिस. मग लाँग रनवरून, म्हणजे सलग बऱ्याच लॅपवरून, रेसमधला वेग (पेस) काढताना टाकीत फ्युएल किती धरायचं?

उद्यमनगर_टर्बो:
भावा, आधी पूर्ण रेस सिम्युलेशन, म्हणजे अख्ख्या रेसएवढे लॅप, कुणी केलंय ते हुडक. उसानं भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली एकाच घड्याळावर मोजून काय कळणार? १० किलो फ्युएलला लॅपमागं साधारण ०.३ सेकंद जादा. दहा लॅपच्या रनमध्ये टाकीत २० किलो आहे का ६०, बाहेरून दिसत नाही. म्हणजे १.२ सेकंदाचा घोळ तिथंच.

रेस सिम्युलेशनमध्ये ही लपवाछपवी चालत नाही. ५.४१२ किमीचे ५७ लॅप, लॅपला साधारण १.८ किलो जळणार, म्हणजे सुटताना १०० किलोच्या वर असणारच. फक्त मध्ये गाडी गॅरेजमध्ये गेलेली नको. इन लॅप (पिटमध्ये येतानाचा) आणि आउट लॅप (पिटमधून निघाल्यावरचा) मिळून २०-२५ सेकंद जादा लागले तर तो पिट स्टॉप. काही मिनिटं गेली तर टाकी परत भरली असं समज.

राजारामपुरी_लेटब्रेक:
इन, आउट आणि ट्रॅफिकमधले लॅप आधी उडव. सरासरी नको, मीडियन घे, म्हणजे टाइम क्रमानं लावून मधला. एक घाण लॅप सरासरीची वाट लावतो.

मग स्टिंटचा (एका टायर सेटवरच्या सलग लॅपचा) उतार बघ, म्हणजे लॅपमागं टाइम किती बदलतो ते. फ्युएल जळून गाडी लॅपला ०.०५ सेकंदानं फास्ट व्हायला पाहिजे. टाइम सपाट दिसत असतील तर टायर लॅपला ०.०५ खातोय. टाइम ०.०४ नं वाढत असतील तर टायरची खरी झीज (डिग्रेडेशन) लॅपला ०.०९. दोन रनची तुलना करताना कंपाउंड (टायरच्या रबराचा प्रकार) तोच पाहिजे, वेळही तीच. बहरीनला दुपारी ट्रॅक तापतो, मागचे टायर लै लवकर जातात, आणि रेस असते रात्री. दुपारचा रन संध्याकाळच्या रनशेजारी ठेवलास की संपलं.

शिवाजीपेठ_सेक्टर३:
एका टीमचा १८ लॅपचा रन आहे, नंतर थेट गॅरेज. घेऊ का सोडू?

उद्यमनगर_टर्बो:
१८ गुणिले १.८, म्हणजे निदान ३२ किलो होतंच. वर किती, ते त्यांच्या इंजिनिअरला माहीत. लॅप टाइमची तुलना नको, उतार तेवढा बघ. तोही जपूनच, कारण हलकी गाडी टायर कमी खाते, उतार आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

राजारामपुरी_लेटब्रेक:
आणि १.८ चा आकडा २०२५ पर्यंतच्या गाड्यांचा बरं का. २०२६ ला इंजिनचे नियम बदलले, इलेक्ट्रिक मोटर १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली. तिथं बॅटरी कुठं खर्च केली यावरच लॅप टाइम हलतो. बॅटरी संपून सरळ रस्त्याच्या टोकाला स्पीड पडतोय का तो कॉलम वेगळा ठेव.