विटकरी रंगाचे सोलर पॅनेल: फिल्म की रंगीत काच?

विटकरी_वाडा: पुण्यातली सोसायटी, दक्षिणेची दर्शनी भिंत विटकरी. गच्चीवर ८ काळे पॅनेल आहेत. भिंतीवर आणखी २, पण विटकरी, त्याच स्ट्रिंगला (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेला) जोडायचेत. साध्या पॅनेलवर रंगीत फिल्म चिकटवून भागेल का?

काचकाम: फिल्मच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात काच ६०-७० अंशांपर्यंत तापते. गोंद पिवळा पडतो, कडा सुटतात, वॉरंटीही जाते. रंग काचेतच हवा.

कोपनहेगन इंटरनॅशनल स्कूलच्या भिंतींवर १२,००० हिरवट-निळे पॅनेल आहेत. तिथे रंगद्रव्य नाही. काचेवरचे अतिपातळ थर ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश परत पाठवतात. डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील, म्हणून थोड्या परावर्तनात काम होतं आणि वीज फारशी घटत नाही. विटकरी मात्र या पद्धतीत अवघड, कारण तिरकं पाहिलं की रंग निळ्याच्या दिशेने सरकतो. तुम्हाला काचेवर भाजलेली सिरॅमिक छपाईच घ्यावी लागेल. जितकी दाट छपाई, तितकी वीज कमी.

ओहमराव: आणि त्याच स्ट्रिंगला तर मुळीच नको. समजा विटकरी पॅनेलचा करंट ३०% कमी आहे. दहाही एका माळेत असले, तर इन्व्हर्टरपुढे दोनच वाटा: सगळ्यांना ७०% करंटवर चालवायचं, किंवा बायपास डायोडमधून (कमकुवत पॅनेलला वळसा घालून करंट नेणाऱ्या भागातून) ते दोन वगळून ८०% वीज घ्यायची. तो दुसरी वाट धरेल आणि विटकरी पॅनेल नुसती शोभा! शिवाय गच्ची आणि भिंतीचा कोन वेगळा. त्या दोन विटकरी पॅनेलना मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेलचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर) द्या.

विटकरी_वाडा: नमुना कसा तपासू?

काचकाम: नुसती काच टेबलावर ठेवून पाहू नका, खाली काळा सेल हवा. सकाळी, दुपारी, आणि पाणी मारून ओली असतानाही बघा. मागचा थर आणि सेलवरच्या पट्ट्या काळ्या मागा. नाहीतर पांढरे चौकोन छपाईतून डोकावतात. फ्लॅश टेस्ट (प्रकाशाचा झोत टाकून पॅनेलची वीज मोजणारी चाचणी) छपाईच्या काचेसकट झालेली हवी. एक पॅनेल जादा घ्या, पुढच्या लॉटचा रंग जुळेलच असं नाही.

ओहमराव: दक्षिण भिंतीचा हिशेब हिवाळ्यावर करा. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर; तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, भिंतीला थेट ऊन जवळपास नाहीच. पॅनेलमागे ५-१० सेंमी हवेची पोकळी ठेवा, वर-खाली उघडी. तिला जाळी मात्र लावा, नाहीतर महिन्याभरात कबुतरं भाडेकरू.