ऑफिसच्या मॅकमधून साठ हजार फोटो बाहेर काढायचे आहेत

बी-१०१ (सचिव): नमस्कार मंडळी. ऑफिसमधला जुना आयमॅक आता काढायचा आहे, नवीन कॉम्प्युटर विंडोजचा आहे. सोसायटीचे सगळे फोटो मॅकच्या फोटोज ॲपमध्ये पडून आहेत. खाली आकडा दिसून राहिला ५८,२१४ फोटो, १,९०६ व्हिडिओ. लायब्ररी ४१२ जीबी. २ टीबीची डिस्क आणली. सगळं सिलेक्ट करून डिस्कवर ओढलं की झालं ना?

सी-५०४: ओढू नका काका. फोटोजमधून ओढलं की मूळ फाइल येत नाही, ॲप तिथल्या तिथे नवीन जेपीईजी तयार करून देतं. आयफोनचे २०१७ नंतरचे बहुतेक फोटो एचईआयसी (कमी जागेत बसणारा फाइलचा प्रकार) आहेत, ते सगळे परत दाबले जातील. लाइव्ह फोटोचा हलणारा भाग तर येणारच नाही.
फोटो सिलेक्ट करा, मग फाइल मेनू, एक्सपोर्ट, त्यात ‘एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’. कॅमेऱ्यातून जशी आली तशी फाइल यानेच मिळते.

ए-२०२: त्यापेक्षा पिक्चर्स फोल्डरमधल्या लायब्ररीवर राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ करा. आत ओरिजिनल्स फोल्डर दिसतो, तोच सरळ उचलायचा.

सी-५०४: उचलता येतो भाऊ, पण मग पाहा काय हाती येतं. आत ० ते ९ आणि ए ते एफ असे १६ फोल्डर आणि फाइलचं नाव म्हणजे छत्तीस अक्षरांची भेंडोळी. ‘आयएमजी_४१२७’ हे खरं नाव लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये असतं, फाइलवर नाही. अल्बमही तिथेच. तान्हा पोळ्याचे फोटो त्या १६ फोल्डरमध्ये कुठेकुठे विखुरले आहेत हे फक्त ॲपला ठाऊक. आणि आतली एक फाइल चुकून हलली की लायब्ररी बिघडते. ॲपच उघडेनासं झालं असेल तरच तो रस्ता.

डी-३०१: काका, सगळ्यात आधी हे तपासा. फोटोज, सेटिंग्ज, आयक्लाउड टॅब. तिथे ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’वर टिक आहे का?

बी-१०१ (सचिव): हो, तेच सिलेक्ट आहे.

डी-३०१: मग मॅकवर सगळ्या मूळ फाइल असतीलच असं नाही. काहींच्या फक्त लहान प्रती असतील आणि मूळ आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यावर. ‘डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक’ करा आणि पूर्ण होईपर्यंत थांबा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येतात. २५० जीबी बाकी असेल तर साडेपाच तास, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. लायब्ररीत सगळ्यात खाली स्क्रोल केलं की किती उरलं ते दिसतं.
हे न करता एक्सपोर्ट लावलं तर मधेच ‘एक्सपोर्ट होऊ शकलं नाही’ म्हणून यादी येते आणि साठ हजारांतल्या कोणत्या राहिल्या ते शोधत बसावं लागतं. मॅकवर जागा किती आहे?

बी-१०१ (सचिव): १ टीबीपैकी ३४० जीबी रिकामी.

डी-३०१: पुरते मग. आयफोटोची (फोटोजच्या आधीच्या ॲपची) जुनी लायब्ररीही बाजूला दिसत असेल तर तिला हात लावू नका. २०१५ मध्ये फोटोज ॲप आलं तेव्हा जुन्या लायब्ररीतल्या फाइल दोन्हीकडे वाटून दाखवल्या गेल्या, डिस्कवर मात्र त्या एकदाच आहेत. दोन्ही लायब्रऱ्यांचे आकडे मोठे दिसतात म्हणून ‘डबल झालंय’ असं वाटतं. जुनी उडवून जागा फारशी सुटत नाही.

ए-४०३ (काकू): मी स्कॅन करून टाकलेल्या जुन्या गणपतीच्या फोटोंचं काय? १९९८ पासूनचे आहेत. स्कॅन २०१६ मध्ये झाले, पण मी ॲपमध्ये एकेकाची तारीख बदलली होती.

सी-५०४: काकू, यातच मोठी गोम आहे. ‘ॲडजस्ट डेट अँड टाइम’ने बदललेली तारीख लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये लिहिली जाते, मूळ फाइलला ॲप हात लावत नाही. म्हणून अनमॉडिफाइड ओरिजिनल काढले की तुमचा १९९८ चा गणपती विंडोजवर २०१६ मध्ये जाऊन बसेल. तुम्ही लिहिलेली शीर्षकं, कॅप्शन, कीवर्ड यांचंही तेच.
यावर दोन उपाय. ओरिजिनल काढतानाच्या खिडकीत ‘इन्क्लूड आयपीटीसी ॲज एक्सएमपी’ अशी टिक असते, ती करा. मग फोटोशेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल येते, माहिती तिच्यात. लाइटरूमसारखी सॉफ्टवेअर तसल्या फाइल वाचतात, विंडोजचं साधं फोटो ॲप ढुंकूनही पाहत नाही.
म्हणून स्कॅनसाठी दुसरा उपाय बरा. फक्त तेवढेच फोटो साध्या ‘एक्सपोर्ट फोटोज’ने काढा. फोटो काइंड जेपीईजी, क्वालिटी मॅक्झिमम, साइझ फुल साइझ, कलर प्रोफाइल एसआरजीबी. खाली टायटल-कीवर्ड-कॅप्शन आणि लोकेशन या दोन्ही टिका. यात बदललेली तारीख फाइलच्या आत लिहिली जाते. स्कॅन तसेही जेपीईजीच आहेत, मॅक्झिममला डोळ्यांना फरक दिसणार नाही.

ए-४०३ (काकू): आणि मी ज्यांची नावं लावली होती चेहऱ्यांना?

सी-५०४: ती फोटोज बाहेर देत नाही काकू, कुठल्याही टिकेने नाही. पीपल अल्बममधून एक माणूस उघडा, सगळे फोटो सिलेक्ट, कमांड-आय, कीवर्डच्या रकान्यात नाव. कीवर्ड बाहेर जातो. पन्नास माणसं असतील तर एका दुपारचं काम.

बी-१०१ (सचिव): एडिट केलेल्यांचं? पुष्कळ फोटो उजळ केलेत, कापलेत.

ए-२०२: स्मार्ट अल्बम करा काका. फाइल, न्यू स्मार्ट अल्बम, अट ठेवा ‘फोटो इज एडिटेड’. एडिट झालेले सगळे एका जागी येतात. ते साध्या एक्सपोर्टने ‘एडिटेड’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळही राहिले, उजळलेलेही राहिले.
आणि साठ हजार एका दमात लावू नका. तसेच स्मार्ट अल्बम वर्षावार करा. अट ‘डेट इज इन द रेंज’, १/१/२०१४ ते ३१/१२/२०१४. वर्षाचा फोल्डर, वर्षाचा एक्सपोर्ट. मधे अडकलं तर तेवढंच वर्ष परत.
अजून एक कारण. आयफोनचा नंबर ९९९९ नंतर परत ०००१ वर येतो, शिवाय आपल्याकडे पाच-सहा जणांच्या मोबाइलचे फोटो एकत्र आहेत. एकाच फोल्डरमध्ये टाकले तर ‘आयएमजी_०४१२’च्या मागे कंसात १, २, ३ लागत जातील आणि लाइव्ह फोटोची कोणती मूव्ही कोणत्या फोटोची ते कळणार नाही.

डी-३०१: एक ‘फोटो इज रेफरन्स्ड’ अटीचाही स्मार्ट अल्बम करून पाहा. पूर्वी कोणी ‘कॉपी आयटम्स टू द फोटोज लायब्ररी’ची टिक काढली असेल तर ते फोटो लायब्ररीत नाहीतच, बाहेरच्या कुठल्यातरी डिस्कवर आहेत. अल्बम रिकामा आला तर उत्तम. भरला तर ते फोटो सिलेक्ट करून फाइल मेनूतून कन्सॉलिडेट.

सी-५०४: हिडन अल्बम सिलेक्ट ऑलमध्ये येत नाही, तोही वेगळा पाहा. मॅकओएस व्हेंचुरापासून त्याला कुलूप असतं, पासवर्ड द्या. शेअर्ड अल्बमही लायब्ररीत मोजले जात नाहीत. त्यातले फोटो २०४८ पिक्सेलला छोटे केलेले असतात. ज्याने टाकले त्याच्याकडून मूळ मागवलेलं बरं.

बी-१०१ (सचिव): डिस्क लावली तर मॅक म्हणतो यावर लिहिता येत नाही.

ए-२०२: एनटीएफएस असेल, म्हणजे विंडोजचा डिस्क फॉरमॅट. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. डिस्क युटिलिटी उघडा, व्ह्यूमध्ये ‘शो ऑल डिव्हाइसेस’, डाव्या बाजूला सगळ्यात वरचं डिस्कचं नाव निवडा, इरेज. फॉरमॅट एक्सफॅट (मॅक-विंडोज दोन्हीकडे चालतो), स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. डिस्कवर आधीचं काही असेल तर ते जाईल. एमएस-डॉस फॅट निवडू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आयफोनचा ४के व्हिडिओ ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो, स्नेहसंमेलनाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ तिथेच अडकेल.

डी-३०१: एक्सफॅटची एक खोड: मधे लाइट गेली किंवा केबल ओढली तर ती स्वतःला सावरू शकत नाही. आयमॅकला बॅटरी नाही. यूपीएसवर असेल तरच लावा. आणि हे दिवस मे महिन्याचे. ॲपलने आयमॅकसाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगितलं आहे, ऑफिसमध्ये दुपारी ते पाळणं म्हणजे विनोदच. रात्री ९ नंतर लावा. डिस्क कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, गारव्यासोबत पाण्याचा शिंतोडाही येते.

बी-१०१ (सचिव): किती वेळ धरायचा?

डी-३०१: साधी फिरती डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास. ४१२ जीबीला हिशेबाने ७० मिनिटं, पण छोट्या फाइल हजारोंनी असल्या की वेग पडतो. दुप्पट-तिप्पट धरा. जुनी यूएसबी २ ची केबल किंवा हब मधे आलं तर नुसत्या हिशेबानेच सव्वातीन तास. कीबोर्डच्या पोर्टला लावू नका, मॅकच्या मागेच लावा. आणि सेटिंग्जमध्ये मॅक झोपणार नाही असं करा, नाहीतर मध्यरात्री गाडी थांबेल.

ए-४०३ (काकू): सगळे आले हे कसं कळणार?

सी-५०४: वर्षागणिक मोजायचं काकू. समजा २०१९ च्या स्मार्ट अल्बमखाली लिहिलंय २,१८४ फोटो, ९६ व्हिडिओ. त्यातले ३१० लाइव्ह फोटो. प्रत्येक लाइव्ह फोटोच्या दोन फाइल, एक एचईआयसी आणि एक एमओव्ही. म्हणजे फोल्डरमध्ये २,१८४ + ९६ + ३१० = २,५९० असायला पाहिजेत. एक्सएमपीची टिक केली असेल तर फाइंडरमध्ये ‘काइंड’ने लावून त्या बाजूला काढून मोजा. कोणी मोठ्या कॅमेऱ्यातून रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीईजी जोडीने टाकले असतील तर तिथेही एका फोटोच्या दोन फाइल.
ही मोजणी मॅकवरच करा. विंडोजवर केली तर आकडा फुगलेला दिसेल आणि घाबराल. एक्सफॅट डिस्कवर मॅक प्रत्येक फाइलमागे टिंब-अधोरेषेने (._) सुरू होणारी ४ केबीची जोडफाइल टाकू शकतो. नाव फोटोचंच, टोकाला जेपीजीही लिहिलेलं, पण उघडत नाही. ‘फोटो खराब झाले’ म्हणून ओरड होते ती यांच्यामुळेच. आकार ४ केबी पाहून खुशाल उडवा.

ए-२०२: विंडोजवर एचईआयसी उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ घ्या, फुकट आहे. त्याने भागलं नाही तर एचईआयसीला ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ही लागतं, ते विकत आहे. नुसत्या व्हिडिओसाठी मात्र व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर पुरतो. याकरता सगळे फोटो जेपीईजी करत बसू नका. आणि फोल्डरमध्ये क्रम ‘डेट टेकन’ने लावा, ‘डेट मॉडिफाइड’ने नाही.

सी-५०४: अल्बम जसेच्या तसे फोल्डर म्हणून हवे असतील तर ओएसएक्सफोटोज नावाचं फुकट साधन आहे, मुक्त स्रोत. ते एक्झिफटूलच्या (फोटोच्या फाइलमध्ये माहिती लिहिणाऱ्या साधनाच्या) मदतीने तारीख, कीवर्ड, चेहऱ्यांची नावंसुद्धा फाइलमध्ये लिहितं, आणि थांबलं तर उरलेलंच परत काढतं. टर्मिनलमध्ये कमांड लिहावी लागते. तुमची तयारी असेल काका तर मी येऊन लावून देतो, काकूंचं कीवर्डचं काम वाचेल.

बी-१०१ (सचिव): लावून द्या ना बाप्पा, त्याच्याहून बरं काय. आणि डुप्लिकेट आधी काढून टाकू का? साइडबारमध्ये तसा अल्बम दिसून राहिला.

ए-२०२: आत्ता नको. आधी सगळं बाहेर, मोजणी जुळू द्या, मग मर्ज.

डी-३०१: आणि मॅकवरून काहीही डिलीट करू नका. आयक्लाउड फोटोज सुरू आहे, मॅकवर उडवलं की आयक्लाउडवरून आणि त्या अकाउंटच्या मोबाइलवरूनही उडते. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहते, बस. मॅक देताना आधी ॲपल आयडीतून साइन आउट, मग इरेज. त्याच्याही आधी डिस्कची दुसरी प्रत, दुसऱ्या घरात.

ए-४०३ (काकू): दुसरी डिस्क माझ्याकडे ठेवा. कपाटात जागा आहे.

बी-१०१ (सचिव): ठरलं. ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ आत्ताच सुरू केलं, खाली ३१,४०० बाकी दाखवते. सी-५०४, शनिवारी रात्री ९ ला ऑफिसची किल्ली घेऊन खाली थांबतो. यूपीएसची बॅटरी तोवर पाहून घेतो.